तुळशीखालची तार

देवरे मास्तरांच्या शोकसभेत हेमंत विधाते उभा राहिला आणि म्हणाला, "उतारवयात मास्तरांच्या हातून एक चूक झाली. पण आम्ही विधात्यांच्या घरच्यांनी ती केव्हाच माफ केली." सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. एका माजी विद्यार्थ्याने डोळे पुसले. उठून बोलण्याइतका आवाज माझ्याकडे अजून आहे. पण समोर मास्तरांच्या पत्नी बसल्या होत्या, आणि शोकसभेत वाद घालणारा माणूस खरे बोलला तरी हरतो, एवढे व्यवहारज्ञानही आहे. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल खोडून काढावे. मात्र त्या दिवशी विधात्यांच्या माडीवर, त्या उघड्या पेटीसमोर, मास्तरांच्या शेजारी कोण उभे होते, हे त्यांनी आधी सांगावे.

मास्तर हेकट होते, असे म्हणतात. ते खरे आहे. त्याबद्दल माझे भांडण नाही. शेवटी शेवटी त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता, दुसऱ्याच्या अंगणात जाऊन ते फरशीवर पाणी ओतत बसत, असेही म्हणतात. पाणी ओतत हे खरे, परिणाम हे खोटे. आणि हेमंतने सांगितलेली ती चूक, तिच्याकडे मी येणारच आहे.

दत्तात्रय देवरे बागलाणातले. सटाण्याकडच्या खेड्यातून शिकून ते नाशिकला आले आणि आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनच्या वर्गाचे निदेशक झाले. मी त्याच इमारतीत यंत्रचित्रकला शिकवीत असे, म्हणून ते मला जन्मभर ‘ड्रॉइंगवाले’ म्हणत. "ड्रॉइंगवाले, तुमची रेघ चुकली तर रबर आहे. माझी चुकली तर तेरावं आहे." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवले की पुढे ते पहिला अर्धा भाग म्हणत आणि दुसरा मी पुरा करीत असे.

वर्गाच्या पहिल्या दिवशी ते कोणाच्या हाती पक्कड देत नसत, की टेस्टर. सगळ्यांना उभे करून डावा हात खिशात घालायला लावीत.

"हा हात आजपासून घरी राहील. दोन्ही हात पुढे केलेस तर वीज एका हाताने आत येईल, दुसऱ्याने बाहेर जाईल. वाटेत काय आहे?"

कोणीतरी म्हणे, "छाती."

"छातीत काय आहे?"

"काळीज, सर."

"मग हात खिशात."

ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की लग्नात, सभेत, स्मशानातसुद्धा त्यांचा डावा हात खिशात असे. नव्या माणसाला हा गृहस्थ उर्मट वाटे. दुसरी सवय उजव्या हाताची. लोखंडाचे फाटक, पाण्याचा कूलर, देवळाचा कठडा, काहीही असो, आधी हाताची पाठ टेकवून पाहायची. तळवा लावला आणि वीज असली तर मूठ आवळते आणि सुटत नाही. पाठ लावली तर हात झटकून मागे येतो. त्यांच्या पत्नी हसून सांगत, "आमच्या लग्नात माझा हात धरायच्या आधी यांनी पाठ लावून पाहिली होती." मास्तर शांतपणे म्हणत, "आणि झटका बसला होता. तरी धरला."

त्यांचे एक वाक्य त्यांच्या विद्यार्थ्यांना पाठ असेल. "विजेला माहेरची ओढ असते. जमीन हे तिचं माहेर. वाट तुम्ही दिली नाहीत तर ती स्वतः शोधते, आणि मग कोणाच्या अंगावरून गेली ते पाहत नाही."

माझ्या पुतण्याच्या लग्नातली गोष्ट लोक त्यांच्या वेडाचा पुरावा म्हणून सांगतात. गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर स्वागतसमारंभ चालू होता. मास्तरांनी सजावटीच्या एका लोखंडी खांबाला हाताची पाठ लावली, क्षणभर थांबले, आणि कोणाला न विचारता जाऊन सगळी रोषणाई बंद केली. नवरा-नवरी अंधारात उभे. व्याही संतापले. मंडपवाल्याच्या माणसाने खांब तपासला. त्यात काही सापडले नाही. मास्तर म्हणाले, "आता नाही. मघाशी होतं." व्याही आजही सांगतात, की म्हातारबुवांनी आमच्या सोहळ्याचा विचका केला. केला, मान्य आहे. त्या खांबापाशी त्यांचीच नातवंडे लपंडाव खेळत होती, तेवढे ते सांगत नाहीत.

विधात्यांचे घर मखमलाबादच्या शिवारातले. फुलांची आणि भाजीची शेती करणारे कुटुंब. पंचवटीच्या फुलबाजारात त्यांची शेवंती नावाने ओळखली जाई. त्यांनी नवे घर बांधले तेव्हा वायरिंग मास्तरांनी केले. ते असली कामे रविवारी, आणि आवडत्या माणसांचीच करीत. अंगणात त्यांनी अर्थिंगचा खड्डा खणला: तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि मीठ यांचे थर. घरातल्या प्रत्येक यंत्रातली चुकार वीज त्या वाटेने जमिनीत जायची. पण जमीन कोरडी असली तर ती वीज घेत नाही. खड्ड्याला सतत ओल लागते, आणि खड्ड्याला रोज पाणी घालण्याची आठवण कोणत्या घरात कोणाला राहते? मास्तरांनी त्यावर तोड काढली. खड्ड्याच्या बरोबर वर त्यांनी तुळशीवृंदावन बांधायला लावले, तळ मोकळा ठेवून.

घरात सुमनवहिनी सून म्हणून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी विचारले, "मास्तर, तुळस दारासमोर असते. ही अशी कोपऱ्यात का?"

"इथे पाणी घातलं की पुण्य जास्त लागतं."

"कोणी सांगितलं?"

"शास्त्रात आहे."

मास्तर देव मानीत नसत. हा संवाद त्यांनी मला संस्थेच्या कँटीनमध्ये हुबेहूब करून दाखवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "नास्तिकाने शास्त्र सांगितलं, आणि सून रोज तांब्या ओतणार. माझं अर्थिंग आता जन्मभर ओलं." वहिनींनी खरोखरच एक दिवस चुकवला नाही. विधात्यांच्या घरात कधी कोणाला विजेचा साधा चिमटा बसला नाही, आणि त्याचे श्रेय वहिनी त्या तुळशीला देत राहिल्या. एका अर्थी बरोबरच होते.

पुढे शहर वाढले. विधात्यांच्या मळ्याचा मोठा भाग रस्त्यात आणि प्लॉटमध्ये गेला. हेमंत, सुमनवहिनींचा मुलगा, हातपाय गाळणारा नव्हता. त्याने माडीवरच्या खोलीत शेवंतीची मातृरोपे वाढवायचे ठरवले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेवंतीला लांब रात्र मिळाली की ती कळी धरते. कळी धरलेल्या झाडाची फांदी रोप करायला निरुपयोगी. म्हणून मातृरोपांना सूर्यास्तानंतरही उजेड द्यावा लागतो, म्हणजे ती नुसती वाढत राहतात. पिढ्यान्‌पिढ्या फुले विकणाऱ्या घराचे पोट आता फूल न येण्यावर अवलंबून होते. बंद खोलीत सगळा उजेड दिव्यांचा. दिवे गेले की धंदा गेला.

मास्तरांना तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. वहिनींनी निरोप पाठवला म्हणून ते गेले, आणि मला सोबत नेले. हेमंतने गिझरच्या सॉकेटमधून एक एक्स्टेन्शन, त्यातून दुसरे, अशी माळ लावून लोखंडी मांडण्यांवर दिवे टांगले होते. मास्तरांनी वायरला हाताची पाठ लावली. ती गरम होती.

"हेमंत, एका खिळ्यावर सगळा मांडव टांगलायस."

"चालतंय की मास्तर, महिना झाला."

"चालतंय तोवर कोणीच बोलवत नाही रे मला."

मग त्यांनी जे काम केले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. आधी हेमंतला वीज कार्यालयात पाठवून घराचा मंजूर भार वाढवून घ्यायला लावला. तोवर तारेला हात लावला नाही. मग खालच्या मुख्य फलकापासून माडीपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र केबल, तिच्या मुळाशी तिचा स्वतःचा ब्रेकर. माडीवरची पेटी पाण्याच्या खोलीत न ठेवता बाहेर जिन्यालगतच्या भिंतीवर. पेटीत न्यूट्रलची पट्टी वेगळी आणि अर्थची वेगळी. "ही रोज घरी परतणारी, ही फक्त संकटात धावणारी. या दोघींची गाठ इथे पडता कामा नये." दिवे तीन-चार भागांत वाटले, म्हणजे एक बिघडला तर सगळी खोली अंधारात जाऊ नये. पाण्याच्या मोटरला वेगळी लाइन. प्रत्येक मांडणीला अर्थची हिरवी तार. दिव्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरला आधी खाली झोका दिला, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी थेंबून पडेल, दिव्यात शिरणार नाही. काही दिवस दिवे चालू दिल्यावर पुन्हा येऊन, वीज बंद करून, एकेक स्क्रू परत आवळला. तापून-निवून ते सैल होतात.

आणि पेटीत सर्वांच्या आधी बसवला तो गळतीवर पडणारा स्विच. वीज जेवढी गेली तेवढीच परत आली नाही, थोडी जरी वाटेत कोणाच्या अंगातून निसटली, तरी तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पडतो.

"हा आणि खालचं अर्थिंग, हे दोन पहारेकरी आहेत," ते हेमंतला म्हणाले. "एकाला झोप लागली तर दुसरा जागा असतो. महिन्यातून एकदा हे बटण दाब. पडला तर समज तो जागा आहे."

तो जागाच होता, फार जागा होता. हेमंतची बाजू मी लपवणार नाही; तीही खरी होती. दमट खोली, चोवीस तास पाण्याचा शिडकावा. स्विच पुन्हा पुन्हा पडू लागला.

"मास्तर, काल परत पडला. सकाळी उठून बघतो तर खोलीत काळोख."

"गळती असेल."

"मागच्या वेळी शोधलीत ना?"

"ती वेगळी. ही दुसरी."

"एका खोलीत गळत्या असतात तरी किती?"

"जेवढं पाणी तेवढ्या. पंखा लाव, हवा खेळू दे."

"पंख्यालाही तुम्ही वेगळी लाइन मागाल."

"मागणारच."

हेमंत वैतागून म्हणाला, "मास्तर, तुम्हाला माणसं जगवायचीत, कबूल. मला धंदा पण जगवायचाय. कळ्या धरल्यात झाडांनी. आता ऑर्डरवाल्यांना काय तुमचा स्विच दाखवू? नाहीतर मग तुम्हीच करा शेवंती."

मास्तर उठले. पुढे कित्येक महिने त्या घरी गेले नाहीत. त्यांना हाकलले असे काहीजण सांगतात, ते खोटे आहे. त्यांना कोणी हाकलले नाही. ते आपल्या मानाने गेले आणि आपल्या मानाने दूर राहिले.

त्या वर्षी दसऱ्याला मी सोने द्यायला विधात्यांकडे गेलो होतो. फुलवाल्यांचे घर, शस्त्रपूजेला कोयते, फवारे, तराजू, आणि माडीवरची ती पेटीही. झाकण उघडून स्विचांना हळदकुंकू लावले होते आणि वरून झेंडूचा घसघशीत हार घातला होता. बाजारचा हार, टवटवीत राहावा म्हणून पाणी मारलेला. पाहुण्यांची आरती चालू असताना पाणी आत ओघळले आणि स्विच पडला. ऐन पूजेत रोपांच्या, म्हणजे लक्ष्मीच्या, खोलीत अंधार झाला. बायका कुजबुजल्या. शेजारचा एक मंडपवायरमन तिथे होता. त्याने वर जाऊन काहीतरी केले, दिवे आले, सर्वांना बरे वाटले. मी पेढा खाऊन घरी आलो. त्याने काय केले, ते मला उन्हाळ्यात कळले.

दिवाळीत हेमंतने टेम्पो घेतला. अंगणात चिखल नको म्हणून सगळीकडे सिमेंट टाकून पेव्हर ब्लॉक बसवले. कोपऱ्यातले वृंदावन आड येत होते. तुळस काही अशीतशी हलवली नाही. गुरुजींना बोलावले, मुहूर्त पाहिला, कुंडीत लावून गच्चीवर नेली. जे विचारायचे ते सगळे गुरुजींना विचारले. वायरमनला कोणी विचारले नाही, कारण तुळशीखाली वायरमनचे काही आहे हे त्या घरात कोणाला माहीतच नव्हते.

सिमेंटखाली खड्डा सुकत गेला, चुकार विजेची वाट बंद झाली. फाल्गुनापासून खालच्या फ्रिजला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. यावर आपल्या घरोघरी जो उपाय करतात तोच त्यांनी केला: फ्रिज चपला घालून उघडायचा. माडीवरच्या खोलीत मात्र वहिनी चपला घालीत नसत. धंद्याची जागा, रोपे म्हणजे लक्ष्मी. त्या उंबऱ्याबाहेर चपला काढून अनवाणी आत जात. वैशाखातल्या एका सकाळी ओल्या फरशीवर उभ्या राहून त्यांनी रोपाला पाणी घालताना तोल सावरायला लोखंडी मांडणी धरली. तळव्याने, घट्ट. मूठ आवळली आणि सुटली नाही.

हेमंतने खाली धावत जाऊन मुख्य स्विच पाडला म्हणून त्या वाचल्या. उजव्या हाताची बोटे भाजली. त्यातली दोन अजून मिटत नाहीत. गजऱ्याची गाठ ज्यांनी कधी खाली पाहून मारली नाही, त्या वहिनींना आता सुईत दोराही ओवता येत नाही.

बातमी कळताच मास्तर आणि मी गेलो. घरात नातेवाईक जमले होते. हेमंत जिन्यात बसला होता. मास्तरांना पाहून तो म्हणाला, "तुमच्या पेटीने आईला धरलं, मास्तर." आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते.

मास्तर वर गेले. मागोमाग मी, आणि माझ्यामागे हेमंत. त्यांनी डावा हात खिशात घातला आणि पेटी उघडली. कुंकवाची बोटे अजून स्विचांवर होती. गळतीच्या स्विचला वळसा घालून दोन तारा थेट एकमेकींना जोडल्या होत्या, वर काळी टेप गुंडाळलेली. चिडल्यावर मास्तरांच्या तोंडी अहिराणी येई, आणि ती सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाई. त्या दिवशी ते अगदी हळू म्हणाले, "हाई काय शे?" हेमंतने मान खाली घातली. मग मास्तर माडीच्या खिडकीशी गेले, अंगणाकडे पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिले. तिथे तुळस नव्हती.

खालून कोणीतरी विचारले, "मास्तर, काय निघालं?"

त्यांनी खिशातून पक्कड काढली, ती जोडणी स्वतःच्या हाताने सोडवली, तारा पूर्वी होत्या तशा स्विचला लावल्या आणि झाकण बंद केले. मग जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "वायरिंग माझं आहे. माझंच चुकलं."

हेच ते वाक्य. आज सगळे गाव ते उगाळते आहे.

परतताना रिक्षात मी त्यांच्याशी भांडलो. "चूक त्या टेपची आहे, तुमची नाही."

"पोरगं आईच्या हाताकडे बघू शकत नाहीये. त्याला अजून काय दाखवू?"

"म्हणून खोटं बोलायचं?"

"खोटं नाही बोललो. तुळशीखाली काय आहे ते मला माहीत होतं. तिने विचारलं होतं, का म्हणून. मी तिला पुण्य सांगितलं."

"अहो, घराच्या पायात काय पुरलंय ते सांगत बसतं का कोणी?"

"ड्रॉइंगवाले, टेप दिसते म्हणून ती चूक. माझी दिसत नाही म्हणून नाही का?" मग म्हणाले, "तुम्ही भांडणार, मला ठाऊक आहे. मी आहे तोवर नको."

आता ते नाहीत. म्हणून भांडतो आहे. हेमंत, तू खोटे बोललास असे मी म्हणत नाही. मास्तरांनी तुला टेकायला एक वाक्य दिले आणि तू त्यावर इतकी वर्षे टेकलास की तुला ते खरे वाटू लागले असेल. पण माफ करायचेच असेल तर कोणाला करायचे, ते आधी पेटीसमोर उभा राहून आठव.

आणि माझे भांडण मास्तरांशीही आहे. त्यांचे वाक्य मला तेव्हा मान्य नव्हते, आजही नाही. गळतीचा स्विच जागा असता तर कोरडा खड्डा निभावून गेला असता. हे त्यांनीच मला शिकवले होते.

राहिली ती पाणी ओतण्याची गोष्ट. अपघातानंतर मास्तर रोज सकाळी फिरायला म्हणून निघत आणि विधात्यांच्या अंगणात जात. कोपऱ्यातला एक ब्लॉक त्यांनी पहारीने उचलून ठेवला होता, खालचे सिमेंट फोडले होते, आणि त्या भोकात ते तांब्याने पाणी ओतीत. शेजारच्या इमारतीतून लोक पाहत आणि हसत. मी त्यांना शेवटचे पाहिले ते तिथेच. घरी भेटले नाहीत म्हणून मी शोधत गेलो आणि फाटकाशी थांबलो. मास्तर उकिडवे बसले होते. वहिनी दारातून आल्या; तांब्या डाव्या हातात, उजवा पदराखाली.

"मास्तर, तुळस परत आणू का इथे?"

"आणा. पण आधी बसा जरा. तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

त्या बसल्या. मास्तरांनी पाण्यात बोट बुडवले आणि ब्लॉकवर रेघ ओढू लागले: ही वर माडी, ही मांडणी, ही तार भिंतीतून खाली, इथे जमिनीत. जन्मभर मी यंत्रचित्रकला शिकवली; इतक्या सावकाश काढलेली आकृती पाहिली नाही. उन्हाने वरचा भाग सुके तोवर ते खालचा काढीत, आणि पुन्हा वर जाऊन ओली करीत. वहिनी वाकून पाहत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "एवढंच होतं होय? मास्तर, तेव्हाच सांगितलं असतंत तर मी दोन तांबे घातले असते."

 मास्तरांचा डावा हात खिशात नव्हता. उचललेल्या ब्लॉकच्या जागी, त्या ओल्या मातीवर, त्यांनी तो टेकवला होता. पाठ नव्हे, तळवा.